वास गेल्यावर

“आज स्वयंपाकघरातली खिडकी उघडली,” आई फोनवर म्हणाली आणि लगेच दूध नासल्याचं सांगायला लागली. लेक ऑफिसच्या जिन्यात, मधल्या वळणावर उभी होती; फोन तिथेच नीट लागायचा. खालून कुणीतरी फाइलींचा गठ्ठा घेऊन वर येत होतं, त्याला वाट द्यायला ती भिंतीला टेकली आणि तो निघून गेल्यावरही टेकलेलीच राहिली. “कुठली खिडकी?” तिनं विचारलं. “कुठली म्हणजे? ओट्यावरची. शेजारच्या काकूंच्या मुलानं पटाशी घालून उचकटली. जुन्या रंगाचे नुसते पापुद्रे निघाले. आता काय झुळूक येते म्हणून सांगू, भाजी चिरतानासुद्धा बरं वाटतं.” आणि आई हसली. बाबा गेल्यापासून आई हसायची ती समोरच्याला बरं वाटावं म्हणून. हे हसणं तसलं नव्हतं. ते ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण अंधारात पायरी चुकल्यासारखं काहीतरी त्या आनंदाच्या आधीच होऊन गेलं होतं. “आई, ती लावून घे,” ती म्हणाली. “काय?” “खिडकी. आजचा दिवस लावून घे, मी येते संध्याकाळी.” “आता लागायची नाही ती,” आई म्हणाली. “उचकटताना चौकटच वाकली. आणि लावायची कशाला? तुझ्यामुळेच तर उघडली.”

ती खिडकी त्या घरात खरं तर कधी खिडकी नव्हतीच. तिच्या गजांना आई झारे आणि कालथे अडकवायची. बाहेर चिंचोळी गल्ली, गल्लीपलीकडे कारखान्याची भिंत आणि भिंतीमागे एक ठेंगणं, जाडजूड धुराडं. कारखान्यात लोखंडी पिंपं रंगवत, आणि रंग वाळताना निघणारी वाफ त्या धुराड्यातून वर जाण्याऐवजी आळसावल्यासारखी गल्लीत उतरायची. वास गोडसर होता, पिकून फुटलेल्या फळासारखा. मग कपाळ आवळून धरायचा. तो चादरीत होता, केसांत होता, दप्तरात होता. शाळेत तिच्या शेजारी बसणारी मुलगी काही न बोलता बाकाच्या टोकाला सरकायची आणि ती न पाहिल्यासारखं करायची. बाबा त्याच कारखान्यात रंगाच्या फवाऱ्यावर होते. त्यांचं नाक मेलं होतं. आईच्या हातून भाजी करपली तरी ते “छान झालीय” म्हणून जेवून उठायचे, आणि आई पदरानं तोंड झाकून हसायची. तिनं तर त्याचा खेळच केला होता. बाबांचे डोळे हातांनी झाकायचे आणि त्यांच्या नाकाखाली कधी साबण, कधी कांदा, कधी स्वतःची चप्पल धरायची. बाबा खोल श्वास घेऊन, फार विचार केल्याचा आव आणून म्हणायचे, “गुलाब.” दर वेळी गुलाब. ती हसून हसून जमिनीवर लोळायची. पुढे ते रात्रभर बसून खोकायला लागले, तेव्हा आपण कशाला हसत होतो हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते असं ध्यानात आलं की ती अजूनही कुणाच्या घरी गुलाब दिसले तर पाठ करून बसते.

तिनं शिक्षण घेतलं ते त्या वासापायी, असं आई लोकांना सांगायची. तसं ते नव्हतं. तिला गणित जमायचं, पुढे वीज आवडली, आणि एकातून दुसरं होत गेलं. पण प्रयोगशाळेत पहिल्यांदा तिच्या नळीत विजेचा दाब चढला तेव्हा मात्र तिला गल्ली आठवली होती. काचेची नळी, मधोमध केसासारखी तार, बाहेरून धातूचं वेष्टन. तारेवर प्रचंड व्होल्टेज दिलं की तिच्या अंगावर जांभळी लव फुटायची आणि बारीक चर्रर्र असा आवाज यायचा. जळत काहीच नव्हतं. नळीतून बाहेर येणारी हवा हाताला जेमतेम कोमट लागायची. त्या जांभळ्या लवेतून सुटणारे वेगवान कण रंगाच्या वाफेवर आदळायचे आणि वाफेचे रेणू मोडून पडायचे. आत गोडसर हवा, बाहेर वीज चमकून गेल्यावर येते तशी स्वच्छ, टोकदार हवा. तिनं खोलीत कुणी नाही हे बघून चक्क टाळी वाजवली होती. तिच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र आकड्यांवरून बोट फिरवत एवढंच विचारलं, “मोडलं ते गेलं कुठे?” मग ती वर्षानुवर्षं तेच मोजत बसली. रेणू मोडतो, पण सगळाच मोडत नाही. त्याचे अर्धेमुर्धे तुकडे हवेतल्या प्राणवायूशी लगट करून नवीनच काहीतरी होऊन बसतात. मेलेले प्राणी बाटलीत टिकवतात त्या द्रावाची वाफ, घसा खरवडणारी. आणि ओझोन. तो टोकदार स्वच्छ वास त्याचाच; आकाशात उंचावर असला तर बरा, माणसाच्या छातीत गेला तर तिथली अस्तरं खाणारा. म्हणून तिच्या यंत्रात नळ्यांच्या पुढे काळ्या दाण्यांचा एक जाड थर होता. त्या दाण्यांवर ओझोन फुटायचा, आणि फुटता फुटता उरलेल्या तुकड्यांचाही निकाल लावायचा. वीज हे अर्धं काम होतं. दाणे हे उरलेलं अर्धं, आणि ते दिसत नसे म्हणून ते तिला जास्त महत्त्वाचं वाटे.

काही महिन्यांपूर्वी ते यंत्र गल्लीतल्याच कारखान्याच्या धुराड्याखाली बसलं आणि वास गेला. काल ती ते बघायला तिथं गेली होती, नेहमीच्या देखभालीसाठी. दाण्यांच्या कप्प्याचं झाकण उघडलं तर आत काही नव्हतं. पत्र्याची रिकामी पेटी, कोपऱ्यात थोडी काळी भुकटी. पॅनेलवरचा माणूस, ज्याला सगळे मास्तर म्हणायचे कारण तो कुणालाही काहीही समजावून सांगायचा, तो तिला समजावून सांगायला लागला: रंगाचे बारीक थेंब दाण्यांवर बसले, दाण्यांचा दगड झाला, पंखा हवा ओढताना बोंबलायला लागला, मॅनेजरसाहेब म्हणाले काढा. “पण वास अजिबात नाही येत मॅडम,” मास्तर म्हणाला. “उलट आता जास्तच फ्रेश वाटतं.” तिनं धुराड्याच्या तोंडाशी हातातलं मीटर धरलं, ओझोनचा आकडा बघितला, आणि मीटर बिघडलं असावं म्हणून ते बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच. हे तिनं कालच आपल्या ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं होतं, साहेबांनी “बघू” म्हटलं होतं, आणि ती घरी जाऊन जेवून झोपली होती. झोपेतसुद्धा तो रिकामा पत्रा दिसला होता, पण तो धुराड्याखालचा होता, दूरचा. आईच्या ओट्यावरची खिडकी तेव्हा बंद होती.

फोन पिशवीत टाकून ती पुन्हा साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. तिच्या यंत्रावर कंपनीत कुणाचा विश्वास नव्हता तेव्हा यानंच ते उचलून धरलं होतं. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, “मी बोललो कारखानावाल्यांशी. नवे दाणे मागवायला तयार आहेत. पण त्याआधी रंगाचे थेंब अडवायची जाळी लागेल, नाहीतर तेही बुजतील. ती जाळी आपल्याकडे नाही. म्हणजे काही महिने.” “तोपर्यंत?” “तोपर्यंत चालू राहील.” “चालू राहिलं तर काय बाहेर पडतंय ते मी काल दिलंय तुम्हाला.” साहेबानं मान हलवली. “दिलंस. मी वाचलं. पण तपासणीला आलेला माणूस गल्लीत उभा राहिला, नाक वर केलं आणि म्हणाला, उत्तम. त्याच्या यादीत रंगाची वाफ आहे, ती कमी झाली. ओझोन त्याच्या यादीत नाही. मी काय करू सांग.” तो खरंच विचारत होता. तिला वाटलं, आपण टेबलावर हात आपटावा, काहीतरी मोठ्यानं म्हणावं.  “रंगकाम थांबवायला सांगा,” ती म्हणाली. साहेब हळूच म्हणाला, “तुझ्या गल्लीतली किती घरं त्यावर चालतात, ते तुलाच माहीत.”

बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या सीटवरचा म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता, त्याच्या घशात काहीतरी घरघरत होतं, आणि ती नकळत त्याचे श्वास ऐकायला लागली. माणूस श्वास घेतो हे इतकं उघड्यावर चाललेलं असतं आणि आपण ते कधी बघत नाही, असं तिला वाटलं. घास तोंडाजवळ नेऊन थांबता येतं, पाणी ओतून देता येतं. हवेचं तसं नाही. नको म्हणायची सोयच नाही. लहानपणी ती कारखान्यासमोरून जाताना श्वास कोंडून पळायची. भिंत संपेपर्यंत कोंडायचा, असा तिचा नेम होता, आणि भिंत संपल्यावर ती जो मोठा श्वास घ्यायची त्यातही तोच वास असायचा, पण तो वेगळा आहे असं ती स्वतःला पटवायची. बाबा म्हणायचे, “एवढी धापा टाकत का आलीस?” आणि ती सांगायची नाही, कारण बाबा दिवसभर भिंतीच्या आत असायचे.

कारखान्यात मॅनेजर नव्हता. मास्तर पॅनेलपुढे स्टुलावर बसून सफरचंद कापत होता. त्यानं एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली आणि हातातच ठेवली. पॅनेलवर हिरवा दिवा होता, आतून तो ओळखीचा चर्रर्र आवाज येत होता. काचेच्या झरोक्यातून नळ्यांची रांग दिसत होती, प्रत्येकीत जांभळी लव, सारखी, शांत. सुंदर दिसत होती. आपण केलेली वस्तू आहे ही, असं तिच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ काहीच आलं नाही. तिनं हात पुढे करून मुख्य बटण खाली ओढलं. जांभळं विझलं. आवाज थांबला, मागचा पंखा तेवढा घुमत राहिला. मास्तर सुरी हातात धरून उभा राहिला. “मॅडम, वाफ चालू आहे तिकडे. पिंपं भट्टीत आहेत.” “माहीत आहे.” “वास सुटेल.” “सुटू दे. मॅनेजरला सांगा, मी बंद केलंय. लोकांना वास आला की दाणे आणायची घाई होईल.” हे बोलताना तिला ते अगदी सरळ, हिशेबी वाटलं. जे दिसत नाही, हुंगता येत नाही, त्यासाठी कुणी हलत नाही. मग दिसेल, हुंगता येईल असं करावं. मास्तर काही समजावून सांगायला गेला नाही, आणि त्याचं तिला जरा नवल वाटलं.

ती गल्लीत शिरली तेव्हा आई खिडकीतूनच दिसली. हे दृश्य तिनं जन्मात बघितलं नव्हतं: गल्लीतून चालताना आपल्या स्वयंपाकघरात उभी असलेली आई. झारे-कालथे दुसरीकडे गेले होते, गजांवर एक ओलं फडकं वाळत होतं. आईनं तिला बघून हातातली सुरी हलवली. आत गेल्यावर तिनं पिशवीतून मीटर काढलं आणि खिडकीशी धरलं. आई म्हणाली, “हे काय, ताप बघतेस का घराचा?” आकडा धुराड्यापाशी होता त्याहून पुष्कळ कमी होता. यंत्र नुकतंच बंद झालं होतं, तरीही माणसानं दिवसभर श्वासात घ्यावा त्याहून तो जास्त होता. तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू उतरत होता. “आई, सकाळपासून घसा खवखवतोय का?” “जरासा. झुळकीनं असेल, सवय नाही.” “छातीत जड वाटतं?” “माझ्या वयात हलकं कुणाला वाटतं?” मग तिनं आईला सगळं सांगितलं. ओट्याला टेकून, सावकाश, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं: वास मोडतो, तुकडे उरतात, तुकड्यांचा वास कळत नाही, जो ताजा वास येतो तोच वाईट. आई ऐकत होती, मधूनमधून मान डोलवत होती, आणि कोबी चिरत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे हवा चांगली वाटते ती चांगली नाही.” “हो.” “आणि वाईट वास येत होता तेव्हा?” ती उत्तर देणार तेवढ्यात आईची सुरी थांबली. आईनं मान वर केली, खिडकीकडे वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओघळून गेल्यासारखं झालं. वास आला होता.

तो पूर्वीसारखाच आला, ओळखीच्या माणसासारखा, न विचारता. आईनं आधी खिडकीचा पल्ला ओढून बघितला; तो निम्म्यावर येऊन अडला. मग फडकं काढून फटीत कोंबलं. तेवढ्यानं काही व्हायचं नव्हतं. गल्लीत दारं लागायला सुरुवात झाली, एकापाठोपाठ एक, आणि वाळत घातलेले कपडे ओढून घेतल्याचे आवाज. शेजारच्या काकू थेट दारात आल्या, नाकाला पदर लावून. “बंद पडलं का गं तुझं यंत्र?” “मीच बंद केलं काकू.” काकूंनी पदर खाली घेतला. “तू?” ती पुन्हा सगळं सांगायला लागली, पण आता ते आधीसारखं सावकाश येईना, ओझोन, दाणे, जाळी, अस्तर असे शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडले. काकूंच्या मागे आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. कुणी चिडलेलं नव्हतं. तेच तिला अवघड गेलं. त्या सगळ्या तिच्याकडे डॉक्टरकडे बघावं तशा बघत होत्या. काकूंनी विचारलं, “ह्याच्यापेक्षा वाईट आहे का ते?” तिला खरं उत्तर माहीत होतं, म्हणजे खरं उत्तर नाही हे माहीत होतं. हा वास किती, ते तुकडे किती, कोण किती वर्षं, कुणाची छाती कशी. “वेगळं आहे,” ती म्हणाली. “वेगळं म्हणजे?” “म्हणजे... काही वर्षांनी कळेल तसलं.” काकूंनी पदर पुन्हा नाकाला लावला. मग ओट्यापाशी उभी असलेली आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाव विचारावा तशी, “तुझे बाबा ह्या वासात गेले. त्या दुसऱ्यानं अजून कुणी गेलंय का?” “अजून नाही.” “मग लाव जा ते.”

  कोबीची चिरलेली रास आईनं ताटाखाली झाकली, वास लागू नये म्हणून, आणि ती झाकण्याची रीत इतकी सवयीची होती की लेकीला वाटलं, वासाशिवायचे मधले महिने झालेच नाहीत. तिच्या डोक्यात दाणे बनवणाऱ्याचा पत्ता होता, जाळीचं माप होतं, कुणाला फोन करायचा हेही होतं. सगळं बरोबर होतं, आणि त्यातलं काहीही आज संध्याकाळी त्या ताटाखालच्या कोबीपर्यंत पोचणार नव्हतं. कपाळ आवळायला लागलं. ती गल्ली ओलांडून, भिंतीकडेनं फाटकाकडे निघाली. मॅनेजर आला होता; त्यानं तिच्यावर आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, “मॅडम, आम्ही लावणारच होतो, पण मास्तर म्हणाला तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.” मास्तर खाली बघत होता. तिनं बटण वर ढकललं. नळ्या एकदम पेटल्या नाहीत. आधी कडेची एक, मग मधल्या, मग सगळ्या. जांभळ्या उजेडात तिला स्वतःचा हात दिसला, सफरचंदाची फोड धरल्यानं चिकट झालेला. फोड कुठे पडली ते आठवेना. “जाळीचं माप आजच पाठवते,” ती म्हणाली. “पाठवा,” मॅनेजर म्हणाला. “आमचीही घरं इथंच आहेत.”

परत आली तेव्हा वास विरळ होत चालला होता आणि दारं पुन्हा उघडत होती. आई कुणाशी तरी बोलत हसली, आतून. काकूंची सून अंगणात तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कपड्यांची बादली शेजारी. तिला बघताच सून उठली, “ताई, जरा धरता का हिला, मी हे पटकन वाळत घालते,” आणि उत्तराची वाट न बघता मूल तिच्या हातात देऊन टाकलं. मूल झोपलेलं होतं, गरम, अपेक्षेपेक्षा जड. नाकपुड्या मसुराच्या डाळीएवढ्या, आणि छाती पाखरासारखी भराभर वरखाली होणारी. मोठ्या माणसाच्या एका श्वासात त्याचे दोन-तीन. ताजी हवा सुटली होती. सून कपडे झटकत म्हणाली, “बघा, कसं बरं वाटतं लगेच. मघाशी हिला घेऊन आत बसले तर कुरकुर करत होती.” आत न्यावं का हिला? आत तीच हवा. पदर टाकावा? पदरातून हवा जातेच. ती चालायला लागली. आपण चालतोय हे तिला चार पावलांनंतर कळलं. काकूंच्या दारावरून, कारखान्याच्या भिंतीकडेनं, मुलीला छातीशी घट्ट धरून, स्वतःचा श्वास कोंडून ती भिंत संपते त्या बाजूला निघाली. भिंत संपली, पुढे रस्ता होता, रस्त्यावर बस उभी होती, माणसं चढत होती, आणि इथून पुढे हवा वेगळी असं सांगणारं काहीच नव्हतं. तिला श्वास सोडावा लागला आणि लगेच घ्यावा लागला. मूल जागं झालं. रडलं नाही, तिच्याकडे बघत जांभई दिली, भली मोठी, सगळं तोंड उघडून.

“अहो ताई,” मागून सुनेचा हसरा आवाज आला, “कुठे घेऊन निघालात तिला?”

ती वळली आणि परत गल्लीकडे चालू लागली.